केंदाळाची मुळं

परवा दुपारी कोल्हापुरात, पंचगंगेवरच्या कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर गाडी बाजूला घेऊन थोरल्या भावाचा फोन ऐकत होतो. तो पुण्यात असतो. "किती दिवस तिथंच चिकटून बसणार? ये की इकडं," हे त्याचं वीस वर्षांचं पालुपद. मी नुसतं हूं हूं करत खाली बघत होतो. बंधाऱ्याला अडून केंदाळ, म्हणजे जलपर्णी, साचलेलं, या काठापासून त्या काठापर्यंत. नवख्याला वाटावं, नदीत कुणीतरी मेथी पेरलीय.

आई रंकाळ्यावर धुण्याच्या चावीला, म्हणजे कपडे धुवायच्या जागी, धुणं घेऊन जायची, तेव्हा आमचा उद्योग एकच. केंदाळाचा फुगीर देठ दोन अंगठ्यांत धरायचा आणि दाबायचा. फट्! आत सगळी हवा. कोण जास्त फोडतो यावरून मारामाऱ्या व्हायच्या आणि ओल्या चड्डीवर दोघांनाही धपाटे बसायचे. फूल मात्र देखणं, जांभळं. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. एकदा मी ते देवापुढं ठेवलं. आज्जीनं उचललं आणि गोठ्यात म्हशीपुढं टाकलं. म्हशीनंही हुंगून सोडलं.

हे मूळचं दक्षिण अमेरिकेचं. फुलाच्या कौतुकापायी माणसांनीच देशोदेशी नेलं. उपटून बघा, मुळांचा हा एवढा झुपका, पण धरलेलं काहीच नाही. नुसता पाण्यात लोंबतो. खाणं मात्र शंभर टक्के स्थानिक: आपलं सांडपाणी, आपल्या उसाला टाकलेलं खत. आपण जेवढं वाढू तेवढं ते बाळसं धरतं.

थोरल्याचं पुण्यातलं हे पाचवं भाड्याचं घर. प्रत्येक घरात त्याचा ओल्या कचऱ्याचा डबा, सुक्याचा डबा, खत करायचा माठ, आणि वहिनींची दाराला अडकवलेली कापडी पिशवी. घर बदललं की माठ टेम्पोत पहिला चढतो. आम्ही चार पिढ्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. कोल्हापूर सोडायचं नाव काढलं तर अंगावर येतो. आणि निर्माल्याची कॅरीबॅग गाठीसकट शिवाजी पुलावरून खाली. वर हात जोडून नमस्कार. 'आम्ही' कशाला म्हणू, मीच. अगदी गेल्या गणपतीपर्यंत.

तसे आम्हीही हलतो म्हणा. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला गॅसची टाकी, देव आणि आज्जीचा फोटो घेऊन राजारामपुरीत मावशीकडं गेलो होतो. पाणी उतरल्यावर परत त्याच चिखलात. खिडकीच्या गजांना आमच्याच पेठेतल्या पिशव्या लोंबत होत्या. केंदाळ तेवढं पुराबरोबर पुढं गेलं होतं, नृसिंहवाडीला कृष्णेत, तिथून कर्नाटकात.

खाली एकजण काठीनं केंदाळ सारून म्हशींना वाट करून देत होता. म्हशी उतरल्या. त्यांच्या मागं हिरवं हळूहळू परत मिटलं.

"ऐकतोयस ना?" थोरला म्हणाला.

"पावसाळा झाला की बघू," म्हटलं आणि गाडीला किक मारली.