पणजीची कबर आणि शेजारच्या सगळ्या बिननावाच्या

आमच्या बेने इस्राएल लोकांची अलिबागची ट्रिप हल्ली ठरलेली असते. मांडव्याला उतरायचं, नवगावच्या स्मारकापाशी फोटो, मग इस्राएल आळीतलं मागेन अबोत सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, वेळ असला तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा (या प्रेषिताच्या घोड्याच्या टापेची खूण मानतात तो खडक) आणि मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, आणि संध्याकाळच्या बोटीने परत. इस्राएलहून ग्रुप येतात तेही हेच करतात. तक्रार नाही, चांगलंच आहे. पण आडनावात जे गाव आहे त्या गावात कोणी पाय ठेवत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसती करवंदीची जाळी आणि काळे दगड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्यात सांगतात की पूर्वजांचं जहाज खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं नवगावच्या किनाऱ्याला लागली आणि वाचलेल्यांनी ती तिथेच पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या. कधी घडलं यावर भांडणं आहेत, कोणी इ.स.पू. 175 च्या आसपास म्हणतं, कोणी त्याच्या कितीतरी नंतर, आणि 2016 साली एक जनुकीय अभ्यास आला त्यात मध्यपूर्वेकडचे आणि इथले पूर्वज मिसळले त्याला साधारण 19 ते 33 पिढ्या झाल्या असं निघालं. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की आमची सुरुवातच बिननावाच्या कबरींपासून आहे. एकाचंही नाव कोणाला ठाऊक नाही, स्मारक उभं राहिलं ते अगदी अलीकडचं, आणि तरी इतक्या पिढ्या लोकांनी ती जागा सोडली नाही.

मग पुढचे लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली झाले, आणि मेले की गावाबाहेरच्या तुकड्यावर पुरले जाऊ लागले. मुंबईत, ठाण्यात, पनवेलला तुम्हाला हिब्रू आणि मराठी दोन्ही कोरलेले देखणे दगड मिळतील. खेड्यात जुन्या कबरी म्हणजे चार धोंडे रचलेले, बस. कोण कुठे आहे ते घरच्यांना पाठ असायचं. 1948 नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली, ते पाठांतरही गेलं त्यांच्याबरोबर.

इस्राएलमध्ये अश्दोदला माझी आत्या असते, ऐंशीच्या घरात. मराठी एकदम खणखणीत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाच पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते, निम्मे बिरड्याच्या सणाला इथे वाल मिळत नाहीत यावर. तिने एक दिवस सांगितलं, "माझ्या आजीची कबर शोध रे, तुझ्या आजोबांना मरेपर्यंत तेवढंच राहून गेलं." आजोबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. हिंदुस्थानात त्या साथीत सव्वा कोटीच्या वर माणसं गेली म्हणतात, मुंबईत जूनमध्ये लागली, सप्टेंबरपासून पुन्हा जोरात, आणि गिरणीतले लोक घाबरून गावी पळाले ते ताप घेऊनच. अशा वेळी दगड कोण घडवतंय. आजोबांना फक्त आंबा आठवायचा. आंब्याखाली ठेवलं, एवढंच.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोयनाडच्या बाजूचं आहे एवढं समजा.

कोणाला असं काही शोधायचं असेल तर पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नका. गवत कमरेएवढं असतं आणि त्यात साप. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं, गुरं चरून गेलेली असतात, तेव्हा दगड वर दिसतात. ज्या दोन-चार दगडांवर अक्षरं आहेत ती सरळ उन्हात वाचता येत नाहीत. पाण्याने ओला करायचा आणि ऊन उतरलं की मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून बाजूने मारायचा, मग जी सावली पडते त्यात अक्षर उठतं. मी असं एकदा "शके 18" पर्यंत वाचलं आणि पुढचे दोन आकडे दगडासकट फुटलेले. काही ठिकाणी हिब्रू साल असतं, त्यातून 3760 वजा करायचे, एखादं वर्ष इकडे तिकडे होतं. तारेचा ब्रश मात्र कृपा करून वापरू नका, एका काकांनी फार मायेने घासघासून अर्धं नाव घालवलेलं मी पाहिलंय.

कागद शोधायला मला कोणाची मदत झाली असेल तर ती मराठा आरक्षणाची! 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळ्या तालुक्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली ना, त्यात गाव नमुना 14 पण निघाला, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही. सगळी मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी (पैसे घेतले नाहीत, दोन चहा घेतले) 1918 ची पानं लावून दिली. ऑक्टोबरचं पान बघवत नाही. एरवी महिन्याला चार-पाच नोंदी, इथे एका खाली एक, रोगाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, आणि खाली खाली कोतवालाचं अक्षर फाकत गेलेलं. त्यात आमची नोंद आहे. जात तेली. नाव नाही, "बायको" आणि पुढे पणजोबांचं नाव. वय 25. रोग ताप. झालं. आणि पणजोबांचं नावसुद्धा तसं लिहिलंय जसं गाव हाक मारायचं, सॅम्युएलचा सामाजी होतो त्या चालीवर, त्यामुळे सिनेगॉगच्या कागदांत आधी जुळतच नव्हतं.

म्हणजे आता गंमत बघा, कबरीवर नाव नाही म्हणून शोधत होतो आणि माणसाचंच नाव पक्कं नाही. आत्या एक सांगते, माझे चुलते दुसरं. दोघंही ठाम.

जागा दाखवली ती गावातल्या एका आग्री आजींनी. त्यांच्या सासूने त्यांना दाखवलेली. काठी टेकत पुढे निघाल्या, मी मागे, आणि एका बुंध्यापाशी थांबून म्हणाल्या, "तेलीणबाय हय हाय. पोर लहान होता तिचा." आंबा केव्हाच तोडलाय, बुंधा आहे. बुंध्याच्या आजूबाजूला धोंड्यांच्या तीन रचना, जवळजवळ. मी विचारलं यातली कुठली, तर म्हणाल्या तीनही असतील, तापात तिघी गेल्या असतील एका घरातल्या, आम्हाला काय म्हाईत. दिवाळीत सासू इथे पणती लावायची म्हणे. हे ऐकून मला कसंतरीच झालं, कारण आमच्या घरच्यांनी शंभर वर्षांत काही लावलं नव्हतं.

फोटो पाठवल्यावर आतेबहिणीने लगेच काम सुरू केलं. ती म्हणे जमिनीत रडार मारतात, तसं करू. मी चौकशी केली. रडारला माती कुठे खणलेली होती ते कळतं, खाली कोण आहे ते कसं कळणार, आणि इथे तर तीन रचना डोळ्यांनीच दिसतायत. मग तिचं दुसरं, मधल्या कबरीवर संगमरवर बसवू, नाव घालू, हिब्रूत. मधलीच का, तर फोटोत चांगली दिसते. यावर माझं आणि तिचं जोरदार वाजलं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या दोन उरतील त्यांच्यातली एखादी पणजी असली तर? आणि नसली तरी त्या दोघी कोणाच्या तरी पणज्याच ना. बिननावाचा दगड निदान खोटं बोलत नाही. चुकीच्या नावाचा संगमरवर बसला की पन्नास वर्षांनी तोच पुरावा होतो, पुढचा माणूस त्याचा फोटो काढून वंशावळीत टाकणार आणि विषय संपला.

आत्याचं मत वेगळंच. तिला कुठल्याच कबरीवर काही नको, बुंध्यापाशी एक काळा दगड हवा, साधा, आणि त्यावर मराठीत 1918 च्या साथीत गेलेल्या या घरच्या बायका, एवढंच. "तिला हिब्रू येत नव्हतं रे, शेमा तेवढी पाठ होती." शेमा म्हणजे आमची रोजची प्रार्थना. आतेबहीण दोन दिवस बोलली नाही, आता म्हणते खाली एक ओळ हिब्रू चालेल ना. चालेल की.

पण दगडाच्या आधी दुसरं काम आहे. शेजारच्या वाडीचे प्लॉट पडलेत, बंगले येतायत, आणि तलाठ्याकडून सातबारा काढला तर आमच्या तुकड्याच्या इतर हक्कात एका जुन्या फेरफाराने "कब्रस्तान" लिहिलंय खरं, पण क्षेत्राचा आकडा जागेवर जुळत नाही. मागच्या वर्षी एका कोपऱ्यातले धोंडे कोणीतरी उचलून बांधाला लावले. ते कुठल्या कबरीचे होते ते आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून मोजणीचा अर्ज टाकलाय, फी भरलीय, तारीख मिळायचीय. हद्द कायम झाली की चिऱ्याचं कंपाउंड, त्याला गेट, आणि मग दगड. आत्याला घाई आहे, तिचं वय बघता बरोबरही आहे. मी तिला म्हटलं आधी कंपाउंड. तर म्हणाली, कंपाउंडला पैसे मी पाठवते, पण गेटची एक चावी त्या आग्री आजींच्या घरी ठेव.