लेझीम, कॅमेरा आणि गुडघ्यातला ठोका

गेल्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनासाठी मी एक दालन तयार केले. पाहुण्याने रिकाम्या हातांनी लेझीम खेळावी, कॅमेऱ्याने ती हालचाल टिपावी आणि स्पीकरमधून लेझमीचा आवाज यावा, एवढीच कल्पना होती. मी व्यवसायाने इंटरॅक्शन डिझायनर असल्याने माझा सारा काळ बटणे आणि मेनू यांच्यात जातो. त्यामुळे शरीराची हालचालही मी सुरुवातीला बटणासारखीच हाताळली आणि पहिले तीन आठवडे त्यातच घालवले.

साध्या वेबकॅमच्या चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू शोधून देणारे गूगलचे मीडियापाइप हे सॉफ्टवेअर मी वापरले. त्यात मनगटांचे क्रमांक १५ आणि १६. या दोहोंमधले अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आले की ठोका वाजवायचा, असा नियम मी लिहिला. ठोका वाजत होता, पण उशिरा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्येच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. त्यात हे बिंदू शोधणाऱ्या मॉडेलच्या हिशेबाचा वेळ आणि बिंदूंची थरथर घालवणाऱ्या गाळणीचा वेळ मिळवला की माझ्या मोजणीप्रमाणे एकूण विलंब १४० मिलिसेकंदांच्या आसपास जात होता. पडद्यावरच्या चित्राला एवढा उशीर खपून जातो, तालाला खपत नाही. खेळणारा नकळत आवाजाची वाट पाहू लागतो, म्हणून हात मंदावतो, हात मंदावला म्हणून पुढचा ठोका आणखी उशिरा येतो, आणि मिनिटभरात चांगला उत्साही माणूस पेंगल्यासारखा दिसू लागतो.

शेवटी शाळेत अनेक वर्षे लेझीम शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांना मी बोलावले. त्यांनी बिंदू जोडून पडद्यावर उमटणारा काड्यांचा माणूस पाहिला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही हातांकडे काय बघत बसलात? ठोका गुडघ्यात असतो." मग त्यांनी संगणक बंद करायला लावून माझ्याकडून तासभर ‘चार आवाज’ हा लेझमीचा प्रकार करून घेतला. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी जी तक्रार केली, तिच्यातून मला त्यांचे म्हणणे नेमके समजले. प्रत्येक ठोक्याआधी शरीर किंचित खाली बसते, भार पायात जातो आणि तिथून उसळून तो हातांत येतो. जुन्या नोंदी पुन्हा चालवून पाहिल्या, तेव्हा कमरेचे २३ आणि २४ हे बिंदू मनगटांच्या कितीतरी आधी हलताना दिसले. हे दृश्य मी आधीही पन्नास वेळा पाहिले असेल, पण पाहणारा मी खुर्चीत बसलेला होतो.

त्यानंतर कमर खाली जाऊ लागताच ठोक्याची तयारी सुरू करायची आणि मनगटांच्या वेगावरून नेमका क्षण आधीच ताडायचा, असा नियम केला. विलंब तसाच राहिला, पण जाणवेनासा झाला. पडद्यावरचा काड्यांचा माणूसही काढून टाकला, कारण स्वतःचा सांगाडा दिसला की लोक त्याच्यासमोर उभे राहून नाचण्याऐवजी त्याला तपासत बसत. तो माझ्या सर्वांत आवडत्या कोडचा भाग होता, हे नमूद करून ठेवतो.

दुसरी अडचण वजनाची होती. हालचालीचा अभ्यास करणाऱ्या रुडॉल्फ लाबान यांनी तिच्या गुणांची मांडणी भार, वेळ, अवकाश आणि ओघ अशी केली आहे. यांपैकी वेळ आणि अवकाश कॅमेऱ्याला बऱ्यापैकी कळतात, पण भाराचा त्याला पत्ता नसतो. रिकामे हात हवेत फिरतात, त्यांना थांबायला काही नसते. म्हणून साखळी नसलेला लाकडी दांडा हातात दिला आणि त्याच्या टोकात एक प्रवेगमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारा छोटा सेन्सर, बसवला. दांडा हातात येताच खांदे खाली आले आणि पावले आपोआप जमिनीवर टेकू लागली. "मग खरी लेझीमच का देत नाही?" असे एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. एका बंद दालनात दहा मुलांनी खऱ्या लेझमी वाजवल्या तर शेजारच्या दालनात कोणाला काहीच ऐकू येणार नाही, हे माझे उत्तर तिला फारसे पटले नाही.

प्रदर्शन सुरू झाल्यावर उरलेल्या चुका उघड झाल्या. नऊवारी नेसलेल्या एका आजींच्या निऱ्यांमध्ये मॉडेलला पायच सापडेनात आणि कमरेचे बिंदू भलतीकडे उड्या मारू लागले, तर चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या एका तरुणाच्या बाबतीत कमर खाली जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तो मनापासून खेळत असताना दालन गप्प राहिले. त्याच रात्री नियम बदलून कमरेऐवजी डोके आणि खांदे यांची सूक्ष्म लवण पाहायला सुरुवात केली; दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या आणि त्यांचा एकही ठोका चुकला नाही. तो तरुण मात्र परत आला नाही. गिरकीचा प्रश्न अजून तसाच आहे: खेळणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली की डाव्या-उजव्या मनगटांची अदलाबदल होते आणि त्या अर्ध्या फेरीत ठोका केवळ दांड्यातल्या प्रवेगमापकाच्या भरवशावर पडतो.