उलटी नदी, सुलटे शहर

मेलबर्नला घर पाहायला गेले की दलाल पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, की दिवाणखान्याचे तोंड उत्तरेला आहे. हे प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले, वास्तुशास्त्र इथवर येऊन पोहोचले की काय! प्रकरण त्याहून साधे होते. दक्षिण गोलार्धाच्या या टोकाला सूर्य उत्तरेच्या बाजूने आकाश ओलांडतो आणि हिवाळ्यात घरात ऊन यायला हवे असेल, तर खिडक्या उत्तरेलाच हव्यात. माझे माहेर रत्नागिरीचे. थंडीच्या दिवसांत खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवर दक्षिणेकडून तिरके येणारे ऊन पाहत मी वाढले, त्यामुळे हा बदल अंगवळणी पडायला मला दोनेक वर्षे लागली. पण एकदा पडला तो असा, की गेली बावीस वर्षे ‘ऊन तिकडे उत्तर’ हे गणित डोक्याला न विचारता माझे पायच परस्पर सोडवतात. त्या पायांची फजिती शिकागोत झाली.

गेल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघे आठ दिवसांसाठी तिकडे गेलो होतो. मेलबर्नहून सकाळी निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी, निघण्याच्या वेळेच्याही आधी उतरते, हे वेळापत्रकात वाचणे वेगळे आणि दोनदा जेवून, एक झोप काढून घड्याळात पाहणे वेगळे. तेथून पुढचे विमान धरून शिकागोत पोहोचलो, तर घरी वॉटलचा पिवळा बहर नुकताच ओसरत होता आणि इथे रस्त्याकडेची पाने पिवळी पडू लागली होती. रंग एकच, ऋतू मात्र समोरासमोरचे. कांगारू आणि इमू छापलेला आमचा निळा पासपोर्ट आणि त्यातले आमचे चेहरे यांचा मेळ घालताना हॉटेलातल्या मुलीने क्षणभर घेतला, आणि ‘ऑस्ट्रेलिया, पण मूळचे कुठले?’ हा ओळखीचा प्रश्न विचारला. रात्री न्हाणीघरात गेले, दिव्याचे बटण सवयीने खाली दाबले आणि काळोखातच उभी राहिले. ते आधीच खाली होते. भारतात आणि ऑस्ट्रेलियात जे बटण खाली केले की दिवा लागतो, ते अमेरिकेत वर करावे लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकडे जायचे ठरले. नकाशाप्रमाणे नदी आमच्या हॉटेलच्या उत्तरेला होती, म्हणून मी उन्हाच्या रोखाने निघाले आणि हे माझ्यामागून निघाले. वीसेक मिनिटे चाललो तरी नदी येईना. रस्ता ओलांडताना मी प्रत्येक वेळी उजवीकडे पाहत होते आणि गाड्या डावीकडून येत होत्या, हा आणखी एक ताप. शेवटी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका पोलिसाला विचारले. त्याने ‘मागे वळा आणि सरळ उत्तरेला आठ चौक’ असे सांगून उन्हाकडे पाठ करण्याची खूण केली, तेव्हा बावीस वर्षांत प्रथमच रत्नागिरीचा सूर्य मला आठवला.

त्या पोलिसाने दुकान किंवा देऊळ अशी एकही खूण सांगितली नाही, नुसती दिशा आणि आकडा सांगितला. या शहरात सगळे असेच बोलतात. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो शहराचा शून्य बिंदू, आणि तेथून चारी दिशांना घरांचे क्रमांक वाढत जातात. त्यामुळे पत्ता ऐकला की ते घर किती दूर आणि कोणत्या बाजूला, हे बसल्या जागी कळते. मेलबर्नचे जुने रस्तेही 1837 साली असेच पट्टीने आखलेले आहेत, पण नदीच्या काठाशी जुळवून घेताना ते तिरपे झाले. शिकागोने नदीशी असे कधी जुळवून घेतले नाही. उलट नदीलाच जुळवून घ्यायला लावले.

ही गोष्ट आम्हांला बोटीवर कळली, आणि त्या बोटीवरही आम्ही कसेबसे पोहोचलो. तिकिटावर तारीख होती 10/03. आदल्या रात्री ती वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या हिशेबाने ती 10 मार्च होते, म्हणजे सात महिन्यांपूर्वी निघून गेलेल्या बोटीचे पैसे आम्ही भरले होते. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो हे माहीत असते, पण रात्री अकरा वाजता आठवत नाही.

बोट दीड तास इमारतींच्या दरीतून फिरते. मरिना सिटीचे दोन गोल मनोरे मक्याच्या कणसांसारखे दिसतात, असे सगळेच म्हणतात आणि ते खरेच आहे. मला मात्र गंमत वाटली ती त्यांच्या खालच्या मजल्यांची, जिथे कठड्याच्या अगदी काठावर शेकडो मोटारी कणसाच्या दाण्यांसारख्या गोलाकार लावून ठेवलेल्या असतात. वाटाड्या बाईंनी सगळ्या इमारतींची जन्मसाले सांगितली. मी मात्र पाण्याकडेच पाहत राहिले. ही नदी पूर्वी मिशिगन सरोवराला मिळत असे. शहराचे सांडपाणी नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून, असा तो प्रकार होता. रोगराईला कंटाळून शहराने सुमारे 45 किलोमीटर लांबीचा कालवा खणला आणि जानेवारी 1900 मध्ये नदीचा प्रवाहच फिरवला. तेव्हापासून सरोवराचे पाणी नदीत शिरते आणि पुढे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाते. वाटेतल्या सेंट लुइसकरांना ही भेट अर्थातच आवडली नाही. त्यांच्या मिझूरी राज्याने खटला गुदरला आणि 1906 साली तो सर्वोच्च न्यायालयात हरलाही. शेजाऱ्याच्या दारात केर लोटण्याची एवढी मोठी आणि कायदेशीर ठरलेली तऱ्हा मी दुसरी ऐकलेली नाही.

आमच्या यारा नदीची मेलबर्नमध्ये थट्टा होते, की ही नदी उलटी वाहते: गाळ वर आणि पाणी खाली. इतकी वर्षे मी पाहुण्यांना हा विनोद ऐकवत आले. खरोखर उलटी वाहणारी नदी पाहिल्यावर तो जरा फिका पडला.

अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे शिल्प पाहण्याची मला उत्सुकता होती, कारण एक तर त्यांचा जन्म मुंबईचा आणि दुसरे म्हणजे लोक त्याला ‘बीन’ म्हणतात, म्हणजे दाणा. मला ते मोड आलेल्या आणि सोललेल्या वालासारखे वाटले. फक्त हे बिरडे पोलादाच्या 168 पत्र्यांचे आहे आणि त्यांचे सांधे असे घासून मोडलेत, की बोट फिरवूनही सापडत नाहीत. बाहेरच्या अंगावर शहराच्या इमारती वाकलेल्या दिसतात. खालच्या कमानीत शिरून वर पाहिले, की आपण उलटे, ताणलेले आणि अनेक झालेले असतो. तिथे मी बराच वेळ मान वर करून उभी होते, आणि हे कोणत्या प्रतिबिंबाशेजारी माझी छत्री आहे ते शोधत होते. शेजारच्याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत 1893 च्या सप्टेंबरात विवेकानंदांचे भाषण झाले होते. तिथल्या पायऱ्या चढताना अर्थातच दोघांनीही आवाज खाली आणला.

विलिस टॉवरवर गेलो ते न जाण्याचे कारण सुचेना म्हणून. 103 व्या मजल्यावर काचेच्या खोक्यात उभे राहून पायांखालचा रस्ता पाहायचा असतो. ढाक्यात जन्मलेल्या फझलूर रहमान खान यांनी या 442 मीटर उंचीचे गणित मांडले, हे तिथे वाचून बरे वाटले. बाकी घरी युरेका टॉवरवर पाहुण्यांना नेऊन नेऊन माझी उंचीची हौस कधीच फिटली आहे. खाण्यापिण्याचे म्हणाल, तर किमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा आणि गल्ल्यावर मागितलेला आकडा यांत कराचे अंतर आणि त्यावर वाढप्याची वीस टक्के बक्षिशी, हे लिहिलेल्या किमतीत सगळे धरून चालणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला शेवटपर्यंत पचत नाही. कॉफीबद्दल मेलबर्नकराने परदेशी बोलू नये, भांडणे होतात.

मला खरे जायचे होते ते कोणत्याही सहलीत नसलेल्या एका गल्लीत. ऑस्ट्रेलियाची राजधानी कशी असावी, याच्या स्पर्धेत 1912 साली पहिले आलेले वॉल्टर बर्ली ग्रिफिन शिकागोचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन यांनी कॅनबेराचा आराखडा शिकागोत बसून केला, तोपर्यंत दोघांनीही ऑस्ट्रेलिया पाहिलेला नव्हता. आणि परीक्षकांसमोर गेलेली ती कापडावरची देखणी चित्रे मॅरियन यांच्या हातची होती. मला नवल वाटते ते याचे, की जगातल्या सर्वांत सरळ रेघांच्या शहरातल्या या माणसांनी आमच्या वाट्याला वर्तुळे का दिली? कॅनबेरात मी प्रत्येक वेळी हरवते. संसद भवनाच्या टेकडीभोवती एकदा आमच्या तीन प्रदक्षिणा झाल्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियात गाडी डाव्या बाजूने चालत असल्यामुळे त्या देवळातल्यासारख्या शास्त्रशुद्धही झाल्या.

शहराच्या दक्षिण टोकाला, 104 व्या आडरस्त्याच्या एका तुकड्याला वॉल्टर बर्ली ग्रिफिन प्लेस असे नाव आहे. लासाल स्ट्रीट स्थानकावरून लोकल धरून आम्ही तिथे गेलो. गगनचुंबी इमारतींचा मागमूस नव्हता. ग्रिफिन यांनी ऑस्ट्रेलियाला येण्यापूर्वी काढलेली छोटी, ठेंगणी घरे ओळीने उभी होती. पांढरट गिलावा, त्यावर गडद लाकडाच्या आडव्या पट्ट्या, पुढे आलेले छप्पर आणि अंगणात पडलेली ओकची पाने. एका घराच्या ओसरीवर कुणाची तरी लाल तिचाकी उलटी पडली होती. आम्ही दोनदा इकडून तिकडे गेलो, तेव्हा कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी कुणाला शोधताय, म्हणून विचारले. मी म्हटले, आम्ही मेलबर्नचे. ‘फ्लॉरिडातले?’ त्यांनी विचारले. फ्लॉरिडातही एक मेलबर्न आहे, हे मला तेव्हा कळले. मग मी कॅनबेराचे सांगितले. त्यांना ग्रिफिन हे नाव पाटीमुळे माहीत होते, ते पुढे कुठे गेले हे मात्र नव्हते. ‘म्हणजे इथली माणसे तिकडे गेली, आणि तुम्ही त्यांना पाहायला इकडे आलात,’ असे म्हणून त्या हसल्या आणि कुत्र्याने त्यांना ओढून नेले.

ते पुढे कुठे गेले, ते मी त्यांना नीट सांगू शकले असते. कॅनबेरात सरकारी अधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसले. मग त्यांनी मेलबर्नमध्ये स्वान्स्टन स्ट्रीटवरचे कॅपिटॉल थिएटर उभे केले, ज्याच्या स्फटिकांसारख्या छतावर रंगीत दिवे पालटतात आणि ज्याच्याखाली बसून माझे समोरच्या चित्रपटाकडे लक्षच लागले नव्हते. 1935 साली ग्रिफिन लखनौला, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी गेले, तिथल्या वास्तूंवर लुब्ध झाले आणि 1937 साली एका शस्त्रक्रियेनंतर तिथेच वारले. त्यांची कबर लखनौलाच आहे. मॅरियन पुढच्या वर्षी शिकागोला परतल्या आणि 1961 साली जिथे जन्मल्या त्याच शहरात त्यांनी देह ठेवला. शिकागो, ऑस्ट्रेलिया, भारत असा त्या दोघांचा रस्ता. आमचा नेमका दुसऱ्या टोकाकडून आलेला.

शहराने मॅरियन यांचे नाव 2015 साली उत्तरेकडच्या एका चौपाटीला दिले. शेवटच्या संध्याकाळी आम्ही रेड लाइनच्या गाडीने जार्व्हिस स्थानकापर्यंत गेलो आणि पूर्वेला चालत पाण्याशी आलो. वाळू होती, लाटा होत्या, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि तरी नाकाला काहीतरी चुकल्यासारखे होत होते. मग लक्षात आले, की खारा वास नाही. चीज आणि कॅरॅमल एकत्र केलेल्या पॉपकॉर्नची पुडी उघडून आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो. सूर्यास्त पाहायचा होता. रत्नागिरीचे भाट्ये काय किंवा मेलबर्नचे सेंट किल्डा काय, संध्याकाळी पाण्याशी बसले की सूर्य त्यात बुडतो, असा आमचा दोघांचाही जन्माचा अनुभव. पुडी अर्धी झाली. पाणी आधी गुलाबी, मग जांभळट झाले. हे म्हणाले, ‘अगं, अंधार पडायला लागला, सूर्य कुठे आहे?’

मागे वळून पाहिले, तर इमारतींच्या छपरांवर शेवटची तांबूस रेघ होती.

‘उद्या पहाटे येऊ या,’ हे म्हणाले, ‘उगवताना तरी पाण्यातून दिसेल.’ उद्या पहाटे साडेपाचला विमानतळाची टॅक्सी सांगितलेली होती.