आमची वाटचाल : चरकाच्या गिअरपासून छोट्या मॉन्स्टर ट्रकच्या क्लचपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, गिअरचे दात पाडणारं एक जुनं हॉबिंग मशीन. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीसेक वर्षं इथे ऑइल इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट आणि गुऱ्हाळातल्या चरकांचे गिअर केले. मी आयटीआय करून त्यांच्याच हाताखाली लागलो. आज त्याच शेडच्या माळ्यावरच्या खोलीत आम्ही रिमोटवर चालणाऱ्या १:१८ मापाच्या, म्हणजे खऱ्यापेक्षा अठरा पट लहान, मोठ्या चाकांच्या मॉन्स्टर ट्रकचे सुटे भाग करतो, गाड्या दुरुस्त करतो आणि लोकांना त्या नीट चालवायला शिकवतो. हे कसं झालं, असं गिऱ्हाईक नेहमी विचारतं, म्हणून लिहितोय.

२०१८च्या दिवाळीत भाचा त्याचा ट्रक घेऊन आला. "मामा, मोटर नुसती ओरडते, गाडी जागची हलत नाही." उघडून बघितलं तर मोटरवरच्या पिनियनचे, म्हणजे छोट्या गिअरचे, दात गेलेले आणि प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरचा चुरा झालेला. बाजारात तो भाग कुठेच मिळेना. आबांनी पिनियन भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "आरं, मोटर धरणारा स्क्रू ढिला झालाय. दातं दातावर बसलीच न्हाईत." आजही आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये हेच दुखणं सगळ्यात जास्त दिसतं.

ती पहिली पिनियन करायला दोन दिवस लागले. चरकाच्या गिअरचा एकेक दात बोटाएवढा असतो. इथे ०.५ मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप), १७ दात, म्हणजे बाहेरचा व्यास जेमतेम ९.५ मिलिमीटर, आणि भोक २.३ मिलिमीटरचं, कारण ३८० जातीच्या मोटरचा शाफ्ट तेवढाच असतो. एवढे बारीक दात पाडणारा हॉब आमच्याकडे नव्हता. आबांनी एका दाताचं हत्यार हातानं घासून तयार केलं आणि जॉब डिव्हायडिंग हेडवर चढवला. त्याचं हँडल चाळीस फेरे फिरवलं की जॉबचा एक फेरा होतो. चाळीसाला सतरानं भागलं की दोन पूर्ण फेरे आणि १७ भोकांच्या वर्तुळावर सहा भोकं. हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. मोठा गिअर आम्ही डेल्रिन या कठीण प्लॅस्टिकच्या सळईतून काढला. संध्याकाळी शेडसमोरच्या खडीच्या ढिगावर गाडी चढली, तेव्हा भाच्यापेक्षा आबाच जास्त खूश होते. त्यांच्या आयुष्यात त्यांनी हजारो गिअर केले, पण गिअर बसवून लगेच खेळायला मिळालं असं कधी झालं नव्हतं.

भाच्यानं त्याचा व्हिडिओ मित्रांना पाठवला. सांगलीहून एक मुलगा आला, मग बेळगावहून दोघं, मग पणजीहून कुरिअरनं गाडी आली. वर्षभरात महिन्याला पंधरा-वीस गाड्या यायला लागल्या.

आमची सगळ्यात मोठी चूक त्याच काळातली. गिऱ्हाईक सारखं मागायचं, "मोडणार नाही असं द्या." आम्हीही धातूचेच लोक. चाकं फिरवणारे प्लॅस्टिकचे शाफ्ट काढून त्यांच्या जागी ईएन-२४ या मजबूत पोलादाचे शाफ्ट केले, हीट ट्रीटमेंट करून घेतलं, साठ जोड्या विकल्या. दोन महिन्यांत त्यातल्या निम्म्या गाड्या परत आल्या. शाफ्ट एकही मोडला नव्हता. मोडले होते डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या जोडणीचे गिअर, फुटली होती गिअरबॉक्सची घरं. पंचवीस रुपयांचा शाफ्ट मोडण्याऐवजी लोकांची साडेचारशे रुपयांची नुकसानी झाली होती. मी सगळ्यांना फोन करून गिअरबॉक्स फुकट बदलून दिले. त्या तिमाहीत धंद्यात काही उरलं नाही.

तेव्हा आबा एकच वाक्य बोलले, आणि पुढचं आमचं सगळं काम त्या वाक्यावर उभं आहे. "चरकात लाकूड घावलं तर पट्टा घसरतोय, म्हणून दातं वाचत्यात. तू पट्टाच काढून टाकलास." गुऱ्हाळात मोटर आणि चरक यांच्यामध्ये सपाट पट्टा असतो. अचानक भार आला की तो घसरतो किंवा उतरतो, आणि हजारोंचा गिअर शाबूत राहतो. या छोट्या ट्रकमध्ये वाकणारा, मोडणारा प्लॅस्टिकचा शाफ्ट त्या पट्ट्याचं काम करत होता. मोठ्या, महागड्या मॉडेलमध्ये त्यासाठी घसरता क्लच असतो. लहान मापाच्या पुष्कळ गाड्यांमध्ये नसतो.

मग आम्ही क्लच करायला घेतला. पहिल्या क्लचचं अस्तर कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून आणलेल्या कातड्याचं होतं. जुन्या काळी बऱ्याच मोटारगाड्यांच्या क्लचला कातडंच असायचं, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती, आणि उन्हाळाभर तो क्लच सुरेख चालला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, कातडं ओलं होऊन फुगलं आणि गाड्या नुसत्या जागेवर कण्हायला लागल्या. आता आम्ही दुचाकीच्या क्लच प्लेटचं अस्तर कापून वापरतो. तिसऱ्या प्रयत्नात जमलेला हा नग आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल आहे.

मध्ये २०२० आलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, नंतर २०२३मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. स्वस्त गाड्या बाजारात दिसेनाशा झाल्या आणि त्यांचे सुटे भागही. नुसतं विकणाऱ्या दुकानांना ते जड गेलं. आम्ही दुरुस्तीवाले, आमच्याकडे कपाटात पडलेल्या जुन्या गाड्या यायला लागल्या. त्या काळात आम्ही दोघींना कामावर घेतलं; दोघी आयटीआयच्या, एक टर्नर, एक इलेक्ट्रॉनिक्सची. आज सोल्डरिंगचं आणि बॅटरीचं सगळं काम ती दुसरी बघते, आणि तिचा शब्द मीही मोडत नाही.

बॅटरीबाबत ती कडक आहे आणि ते बरोबरच आहे. लिथियम पॉलिमरचा एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. तीनच्या खाली गेला की तो खराब झालाच म्हणून समजा. दोन सेलचा, १५०० एमएएच (दीड अँपिअर-तास) आणि २५ सी (त्याच्या पंचवीस पट करंट) लिहिलेला पॅक म्हणजे कागदावर साडेसदतीस अँपिअर. एवढा करंट गाडीबरोबर आलेल्या बारीक वायरला आणि लहान जेएसटी पिनला झेपत नाही, म्हणून कनेक्टर बदलल्याशिवाय आम्ही मोठा पॅक देत नाही. फुगलेला पॅक घेऊन आलेल्या माणसाशी ती वाद घालत नाही. पॅक आधी वाळूच्या बादलीत, बाकीचं नंतर. आठवडाभर गाडी चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, हे ती प्रत्येक डब्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिते.

नवीन माणूस आला की त्याला आधी ब्रशलेस मोटर हवी असते. मी त्याला ती लगेच विकत नाही. आधी चाकांतले प्लॅस्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घाला. त्याच मोटरवर गाडी मोकळी पळते आणि बॅटरी जास्त पुरते. पिनियन बसवताना दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. जागा बरोबर सुटते. धातूत जाणाऱ्या स्क्रूला, तो ढिला होऊ नये म्हणून, थ्रेडलॉकचा थेंब, प्लॅस्टिकला मात्र तो लावू नका, तडा जातो. एवढं करून महिनाभर चालवा. मग शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल भरा, कारण स्वस्त गाड्यांचे शॉकअप बऱ्याचदा नुसत्या स्प्रिंगवर असतात आणि गाडी बेडकासारखी उडते. मोटर सगळ्यात शेवटी. पिनियनचे दात वाढवले की वेग वाढतो, पण मोटर तापते. सत्तर-ऐंशी अंशांपुढे गेली की थांबायचं.

पावसाळ्यात चालवलीत तर त्याच संध्याकाळी चाकं काढा, बेअरिंग पुसून प्रत्येकात तेलाचा एक थेंब सोडा. सकाळवर टाकलंत तर गंज धरलाच. आमच्याकडच्या काळ्या चिखलाचं तर विचारूच नका, तो वाळला की सिमेंट होतो.

मला या छोट्या गाडीचं जे खरं वेड लागलं ते मापामुळे. अमेरिकेत सेंट लुईसजवळ बॉब चँडलर यांनी १९७४च्या फोर्ड पिकअपपासून 'बिगफूट' तयार केला आणि १९८१मध्ये तो भंगार गाड्यांवरून नेला. मॉन्स्टर ट्रकचा खेळ तिथून सुरू झाला. आजच्या खऱ्या ट्रकचं टायर ६६ इंच उंच असतं. त्याला अठरानं भागा, ९३ मिलिमीटर येतात. वजन साडेपाच टनांच्या जवळपास. वजन मापाच्या घनानं कमी होतं, म्हणजे ५८३२नं भागायचं, की उरतात साधारण ९३० ग्रॅम. आमच्या तराजूवर बॅटरीसकट बऱ्याच गाड्या किलोच्या आसपासच भरतात. पण दांड्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ वर्गानं कमी होतं, ३२४नं. म्हणून माल तोच धरला तर छोटी गाडी तिच्या वजनाच्या मानानं अठरा पट बळकट असते आणि डोक्याएवढ्या उंचीवरून पडूनही पुन्हा धावते.

फक्त गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. त्यामुळे तिची उडी क्षणात संपते आणि ती खेळण्यासारखी दिसते. पडायला लागणारा वेळ मापाच्या वर्गमुळानं कमी होतो, आणि अठराचं वर्गमूळ सव्वाचार. मोबाईलवर सेकंदाला १२० फ्रेमनं व्हिडिओ घ्या आणि ३०च्या वेगानं बघा, चार पट सावकाश. त्यात तीच उडी खऱ्या ट्रकसारखी जड दिसते. टायर दबतं, शॉकअप खाली जातो, माती हळूहळू खाली येते. मी हे पहिल्यांदा बघितलं ती रात्र मी झोपलो नाही. जाड तेल, मऊ स्प्रिंग, बॅटरी शक्य तितकी खाली, टायर फुगू नये म्हणून आतून कापडी पट्टी, ही आमची सगळी जोडणी त्या चित्रासाठी असते. ताशी सत्तर किलोमीटरचा आकडा मागणाऱ्यांनाही आम्ही गाडी करून देतो, पण आमचं मन तिकडे नाही.

दर रविवारी सकाळी शेंडा पार्कच्या बाजूच्या माळावर आठ-दहा जण जमतात. कुणी डॉक्टर, कुणी दूध संघातला, शाळेची पोरं, एका पोराची आजी थर्मासमधून चहा आणते. दगडांचा चढ, जुन्या टायरांवरून उड्या, आणि मोडलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती. चुकीचं ट्यूनिंग मला शेडमध्ये कळत नाही, तिथे दोन मिनिटांत कळतं.

आबा आता लेथवर उभे राहत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण रोज सकाळी क्लचच्या खेपेतला पहिला नग त्यांच्या हातात द्यावा लागतो. एका हातात शाफ्ट धरतात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गिअर रेटतात, आणि तो किती जोरावर घसरतो ते बघतात. आवडलं नाही तर नटावर पाव फेरा, पुन्हा अंगठा. त्यांनी मान हलवली की मी खाली जाऊन मशीन चालू करतो.