जीप फोर्डची आहे का, हे बघायला गेलो तेव्हा

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, रविवारी मोकळा आहेस काय? एक जीप बघायला जाऊया की. ४४ सालची फोर्ड आहे, लढाईतली." ऊसाचं बिल हातात आलं होतं, वर थोडं कर्ज काढायची तयारी होती, आणि मालक साडेसात लाख सांगायलाय म्हणाला. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली, फाउंड्रीतनं आलेलं कास्टिंग आणि पंच मारलेले नंबर बघण्यातच दिवस जातो, आणि जुन्या जीपचं वेड लहानपणापासनं. बेळगावात वाढलेल्या पोराला मिलिटरीची गाडी काय नवीन नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासनं गावातच आहे. म्हणून भावाला माझी आठवण झाली.

निघायच्या आधी त्याला एकच सांगितलं, तिथं गेल्यावर "वा" म्हणायचं नाही, गप्प बसायचं.

खानापूरच्या पुढं फार्महाऊस, शेडमध्ये जीप. बघितली आणि खरं सांगतो, माझ्याच तोंडातनं "वा" जाणार होतं. मिलिटरी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागं जेरीकॅन, स्टेअरिंग डाव्या हाताला, जाळीला नऊ फटी. मागच्या पत्र्यावर फोर्ड असं इंग्रजीत उठवलेलं. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर प्लेटा, त्यात डिलिव्हरीची तारीख ४४ सालची. भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

मला तिथंच पहिलं खटकलं. मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव दाबायची पद्धत १९४२ च्या मध्यातच बंद झाली, जीप काढणाऱ्या दोन्ही कंपन्यांची, विलीसचीही आणि फोर्डचीही. म्हणजे नाव खरं धरलं तर गाडी ४२ ची, तारीख खरी धरली तर पत्रा दुसरा. दोन्ही एका गाडीवर बसत नाहीत. आणि अशा प्लेटा आता नव्या बनवून मिळतात, चार स्क्रू लावले की गाडीचा जन्म बदलतो, म्हणून मी प्लेट कधी पहिल्यांदा वाचत नाही, शेवटी वाचतो.

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे, कारण बरेच जण विलीस आणि फोर्ड एकच समजतात. अमेरिकन सैन्याला एवढ्या जीपा पाहिजे होत्या की टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँडला एकट्याला जमेना, मग त्याच डिझाइनवर फोर्डनंही काढल्या. विलीसची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर गाड्या. इंजिन तेच, २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर. पार्ट एकमेकांना बसले पाहिजेत ही सैन्याची अटच होती, आणि खरी भानगड तिथनंच सुरू होते, कारण लढाईच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक काय फोर्डचा बोल्ट शोधत बसणार नाही, जो हाताला लागेल तो लावणार. फोर्डनं मात्र आपल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ अक्षर मारलेलं. त्यामुळं ऐंशी वर्षांनी दहा बोल्ट एफवाले निघाले म्हणून गाडी फोर्ड होत नाही आणि दहा बिनएफचे निघाले म्हणून ती खोटी होत नाही. सहज बदलता येतं ते सोडायचं, बदलायला कुणी जात नाही ते बघायचं.

त्यात आपल्याकडं वेगळाच प्रकार. महिंद्राच्या सीजे थ्री बी वर्षानुवर्षं बनत होत्या, उंच बॉनेटच्या, उजव्या स्टेअरिंगच्या, जाळीला सात फटी. तिची चेसिस घ्यायची, पंजाब-हरियाणाच्या हद्दीवरच्या मंडी डबवालीकडं अशा जीपा बांधतात तशी नवी लो बॉनेट बॉडी चढवायची, तारा रंगवायचा, झाली दुसऱ्या महायुद्धातली विलीस. गाडी चांगली असते, माझं त्या कारागिरांशी काही भांडण नाही, हात चांगला आहे त्यांचा. भांडण आहे ते नंतर लढाईतली म्हणून विकणाऱ्याशी.

ह्या जीपची बॉडी तशीच नवी निघाली. लढाईतल्या जीपचे हेडलाइट जाळीच्या आत बसवलेले असतात आणि बिजागरीवर असतात, खटका सैल केला की लाइट उलटा फिरवून इंजिनवर उजेड पाडता येतो, रात्री दुरुस्तीसाठी केलेली सोय. इथं दोन्ही लाइट पक्के जाळीला बसवलेले. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, टोपण सीट उचलल्यावर दिसतं, ते बरोबर होतं. मागं फळका नव्हता तेही बरोबर, उघडणारा फळका सिव्हिल जीपला आला. चुंबक फिरवलं तर पुट्टी फारशी नाही, पत्राच नवा होता सगळा, कोपऱ्यावरचे वेल्डिंगचे ठिपके ताजे, वर रंग.

मग मी गोणपाट टाकून खाली आडवा झालो. टॉर्च, वायर ब्रश आणि बाटलीत डिझेल घेऊनच गेलो होतो.

बंपरच्या मागं, रेडिएटरच्या खाली, चेसिसचा पुढचा क्रॉस मेंबर असतो, म्हणजे दोन्ही बाजूच्या लांब रेल जोडणारा आडवा तुकडा. फोर्डचा असतो उलट्या यू आकाराचा, चौकोनी, विलीसचा गोल पाइप. रेडिएटर बदलतं, इंजिन बदलतं, बॉडी तर बदलतेच, खरं हा तुकडा बदलायला गाडी पूर्ण सोडवावी लागते, कोण करत बसणार. मी हात फिरवला. गोल पाइप. ब्रश मारून परत बघितला, पाइपच.

म्हणजे फोर्ड नाही. आता पुढचं बघायचं होतं. फोर्ड आपला चेसिस नंबर डाव्या रेलच्या वरच्या अंगाला सरळ लोखंडात पंच करायची. विलीस नंबराची प्लेट रिव्हेट करायची, डाव्याच रेलला, आतल्या अंगाला, बंपरच्या मागं. आतल्या अंगाला दोन भोकं दिसली, रिव्हेट नाहीत, प्लेट नाही. आणि वरच्या अंगाला जीपीडब्ल्यू म्हणून नंबर पंच केलेला.

तो नंबर मी बराच वेळ बघत बसलो. रोज तेच काम करतोय म्हणून सांगतो, जुन्या पंचाच्या कडा गंजून मऊ झालेल्या असतात, खाचेत गंज बसतो तो काळा आणि घट्ट असतो, ब्रशनं जात नाही. इथं डिझेलनं रंग मऊ करून पुसला तर खाचेत तांबूस, कोवळा गंज, आणि भोवतीनं ग्राइंडरच्या बारीक रेघा, एकाच दिशेला. दोन आकडे खोल, एक वाकडा, हातात धरून हातोडीनं मारलेला. मी पेन्सिलनं कागदावर प्रिंट घेतली, आरटीओत घेतात तशी. मग इंजिनकडं गेलो, ब्लॉकला ऑइल फिल्टरजवळ नंबर असतो. फोर्ड कारखान्यातनं निघताना इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एकच असायचा. इथं तो वेगळाच, पुढं जीपीडब्ल्यू पण नाही. इंजिन बदललं असेल तर तो काही गुन्हा नाही, मिलिटरीनंच बदललं असेल.

मला राग आला तो ह्याचा की खालची चेसिस खरी विलीसची दिसत होती. लढाईतली खरी गाडी, तिला फोर्ड बनवण्यासाठी कुणीतरी तिचं स्वतःचं नाव उपटून काढलं.

अमेरिकेत जुन्या मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्या, घेणारे लोक ह्याच भीतीनं घेतात. पॉन्टिऍकची जीटीओ १९६४ आणि ६५ ला ले मान्स गाडीवरचं नुसतं एक ऑप्शन पॅकेज होतं, नंबरावरनं ती जीटीओ आहे का ले मान्स ते कळतच नाही, १९६६ पासनं २४२ नं सुरू होणारा वेगळा नंबर आला. म्हणून त्या दोन वर्षांच्या गाडीसाठी लोक फॅक्टरीच्या जुन्या बिलाची नक्कल मागवतात आणि मगच पैसे मोजतात. आपल्या जीपला तसलं बिल कुठनं आणायचं? आपल्याकडं लोखंड आणि आरसी, एवढंच.

आरसी मागितली. मालकानं आधी स्मार्ट कार्डाचा फोटो दाखवला, मी म्हटलं जुनं पुस्तक असेल तर बघूया की. ते आतनं आणलं, पानं सुटलेली. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, पहिली नोंद त्या काळातली, पेनानं लिहिलेली. मेकच्या पुढं नुसतं जीप. चेसिस नंबराला जीपीडब्ल्यू नाही, आणि आकडे माझ्या पेन्सिलच्या प्रिंटशी एकही ओळीनं जुळत नव्हते.

भावाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा बेत होता व्हिंटेजमध्ये रजिस्टर करायचा, २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांची पाटी मिळते, वीस हजार फी, खरं गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा बदल चालत नाही. आणि हिचा चेसिस नंबरच आरसीशी जुळत नाही. कर्ज काढून तू आरटीओच्या दारात उभा राहणार, मी म्हटलं.

मालकाला मी खोटं पाडलं नाही. त्यानं दोन वर्षांपूर्वी रंगाला आणि बॉडीला गाडी बाहेर दिली होती, तिथं काय झालं ते त्याला ठाऊक होतं का नाही, मला कळलं नाही. मी फक्त पाइप दाखवला, भोकं दाखवली, पेन्सिलची प्रिंट आरसीच्या पुस्तकावर ठेवली. तो काहीच बोलला नाही. त्याचे वडील कट्ट्यावर बसून ऐकत होते, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आमचे आबा तर तिला विलीसच म्हणायचे की. फोर्ड कधीपासनं झाली?"

भाऊ अजून रोज विचारतो. विलीस म्हणून, आरसीवरच्या नंबरानं, आरटीओत सरळ सांगून काही होतं का ते बघायचं ठरलंय, आणि जुनी प्लेट रंगाऱ्याकडं कुठं पडली आहे का ते मालक विचारून सांगणार आहे.