ते तिघे गेले नाहीत

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा २०२५-२६ चा नवा मोसम तोंडावर आलाय आणि मला दुसरं काही सुचत नाहीये. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन यांचं हे शेवटचं वर्ष. मी एमएससाठी नागपूरहून पर्ड्यूच्या गावी, वेस्ट लाफायेटला आले ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि हे तिघे पर्ड्यूच्या जर्सीत पहिल्यांदा कोर्टवर उतरले तेही त्याच हिवाळ्यात. माझी डिग्री झाली, नोकरीसाठी मी इंडियानापोलिसला आले. ते अजून तिथेच आहेत.

बास्केटबॉल मला बाबांनी शिकवला, शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर. शॉट मारून रिंगकडे बघत उभं राहिलं की ते ओरडायचे, "बॉलकडे काय बघतेस? आधी माणूस अडव, मग बॉल बघ!" पाठ लावायची, गुडघे वाकवायचे, कमरेने समोरच्याला मागे रेटायचं. जाळी नसलेल्या रिंगखाली उन्हात शंभरदा हेच. पर्ड्यूच्या घरच्या कोर्टवर, मॅकी अरीनात पहिल्यांदा गेले तेव्हा त्या गोल छताखाली चौदा हजार माणसांचा आवाज छातीत घुमत होता, आणि माझं लक्ष मात्र पर्ड्यूच्या झॅक ईडीच्या पायांवर होतं. ७ फूट ४ इंच उंचीचा तो मुलगा अगदी बाबांच्या पद्धतीने पाठ लावत होता.

"उंच आहे म्हणून जमतं" असं ईडीबद्दल म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते. उंची सगळ्यांना दिसते, पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधीचे दोन सेकंद कोणी बघत नाही. तो डावा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये रोवायचा, कुल्ल्याने त्याला अर्धा फूट सरकवायचा, मग हात वर करायचा. तोवर निम्मं काम झालेलं असायचं. बाबांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी तो थांबवून थांबवून पाहिला आणि म्हणाले, "याला कोणीतरी नीट शिकवलंय."

१७ मार्च २०२३ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. कॉलेज संघांची मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा, पर्ड्यूला पहिलं मानांकन. समोर सोळावं मानांकन असलेला फेअरली डिकिन्सन, पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या कॉलेज संघांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका. आम्ही चौघी हॉलमध्ये जमिनीवर बसलो होतो. शेवटच्या मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि खिचडी तळाला लागली. त्या बुटक्या पोरांनी ईडीच्या पुढूनमागून वेढा घातला आणि बाहेरच्यांना शॉट मारायला मोकळं सोडलं. शॉट पडेनात. ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही इतिहासातली दुसरीच वेळ. स्मिथ आणि लॉयर पहिल्या वर्षाचे होते, अठरा-एकोणीस वर्षांचे. सगळा देश त्यांना हसत होता.

मला खरं बोलायचंय ते त्यानंतरचं. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडं होतं. हल्ली कॉलेजचा खेळाडू आज इथे, पुढच्या वर्षी तिथे, आणि मोसम वायाही जात नाही. अशा नामुष्कीनंतर कोणी निघून गेलं असतं तर मी दोष दिला नसता. पण हे गेले नाहीत. ईडीने एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) नाव दिलं होतं, तेही मागे घेतलं. पुढच्या मार्चमध्ये टेनेसीविरुद्ध त्याने ४० पॉइंट केले, पर्ड्यू ७२-६६ ने जिंकलं आणि १९८० नंतर पहिल्यांदा अंतिम चारांत पोचलं. मी रडले. नागपुरात बाबाही रडले असणार, फोनवर आवाज तसाच येत होता.

अंतिम सामन्यात यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) ७५-६० ने हरवलं. ईडीचे ३७ पॉइंट, पण आख्ख्या संघाचे थ्री-पॉइंटर (लांबून तीन पॉइंटांचे शॉट) मारायचे प्रयत्न सात आणि पडला एक. यूकॉनने ईडीला बहुतेक वेळ एकट्या माणसाच्या हवाली केलं आणि बाकीच्यांना बॉल मोकळा मिळूच दिला नाही. इतका विचारपूर्वक बचाव मी कॉलेजच्या खेळात दुसरा पाहिलेला नाही.

खेळाडूंना पैसे मिळायला लागले हे उत्तमच झालं. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर कमावता येतं. इतकी वर्षं त्यांच्या घामावर स्टेडियम उभी राहिली आणि त्यांच्या हाती स्कॉलरशिप सोडून काही नाही, हा अन्यायच होता. ईडीच्या बाबतीत तर तो पुढेही चालू राहिला. तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर, त्यामुळे सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही बाकीच्यांसारखं कमावणं त्याला शक्य नव्हतं. मीही तेव्हा त्याच व्हिसावर मेसमध्ये आठवड्याला वीस तास ताटं विसळत होते; कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी नव्हती. तो नियम काय असतो हे माझ्या हातांना माहीत आहे.

पण दरवर्षी अर्धा संघ नवा, हे मला सोसत नाही. मुलगा पहिल्या वर्षी चुकतो, दुसऱ्या वर्षी तीच चूक करता करता सावरतो, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला सांगतो, हे बघायलाच मी कॉलेजचा खेळ बघते.

इंडियानात असे कॉलेजवेडे पुष्कळ भेटतात जे म्हणतात, एनबीएवाले जीव तोडून खेळत नाहीत. एका मोसमात ८२ सामने फार होतात, हे मलाही मान्य. जानेवारीत तिकीट काढावं आणि ज्याच्यासाठी काढलं तोच विश्रांतीला, याचा मला संताप येतो. पण आमच्या इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनला पाहून कोणी हे बोलू नये. २०२५ च्या अंतिम मालिकेत पहिल्याच सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना त्याने ओक्लाहोमाला हरवलं. सातव्या सामन्यात पोटरी दुखावलेली असताना उतरला, पहिल्या क्वार्टरमध्ये तीन थ्री-पॉइंटर मारले आणि टाचेची शीर तुटून कोसळला. फरशीवर हात आपटत होता. माझ्या शेजारची आजी टीव्हीकडे पाठ करून बसली. पेसर्स १०३-९१ ने हरले, पण मध्यंतराला ते एका पॉइंटने पुढे होते, हॅलिबर्टनशिवाय.

त्याआधी मार्चमध्ये, कॉलेजच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेत, इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये मी अगदी वरच्या रांगेत होते. पर्ड्यू आणि ह्यूस्टन, ६०-६०. ह्यूस्टनच्या युझानने कोर्टबाहेरून बॉल आपल्याच टगलरला दिला, आपण आत पळाला, टगलरने बॉल टप्पा देऊन परत त्याच्या हातात घातला. लेअप, रिंगच्या अगदी जवळून. ०.९ सेकंद उरले. इतक्या लांबूनही मला दिसलं की बॉल टाकणाऱ्याला आमचं कोणीही धरलं नव्हतं. सगळे बॉलकडे बघत होते.

स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन तेव्हाही जाऊ शकले असते.

बाबांना व्हिसा मिळालाय. जानेवारीत येतायत, मॅकीची दोन तिकिटं काढून ठेवलीत. काल फोनवर थंडीचे कपडे, औषधं, लोणचं आणू का, सगळं बोलून झालं. फोन ठेवताना म्हणाले, "तो छोटा आहे ना अजून? स्मिथ?"

आहे म्हटलं, बाबा.