सहा फुटी टाकीचा स्टँड

आज दिवसभर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये थांबलो आणि संध्याकाळी माशांच्या टाकीचा लोखंडी स्टँड उभा राहिलेला पाहून मन भरून आले. टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी, आणि १२ मिलिमीटरची काच व तळाची खडी धरल्यास एकूण भार ९०० किलोंच्या आसपास जातो. म्हणून ५० मिलिमीटरचा चौकोनी पाईप घेतला आणि वरची चौकट पायांच्या कडेला न जोडता थेट त्यांच्या माथ्यावर बसवली, म्हणजे भार वेल्डवर न लोंबता सरळ जमिनीत उतरतो.

खरा कस पुढे लागला. वेल्डिंग करणाऱ्या मामांनी आधी नुसते टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारले, आम्ही चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, तर ४ मिलिमीटरचा फरक निघाला. "घाई करू नगासा, तापलं की लोखंड ओढतंय," असे म्हणत त्यांनी टाके तोडले, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून चौकट पुन्हा जुळवली आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, मध्ये निवू देत, भरले. तासाभराने कर्ण तंतोतंत जुळले. हा धीर मला फार मोलाचा वाटला.

पायांना लेव्हल साधणारे बोल्ट बसवले आहेत. गंज रोखणाऱ्या रेडऑक्साईड रंगाचा पहिला हात झाला. वर १८ मिलिमीटरचा प्लायवुड आणि थर्माकोल येईल, मगच काच टेकेल.